सासूबाईंची तालीम

माझ्या सासूबाई, सावेता, मरणाला कधी भ्यायल्या नाहीत. साठी उलटताच त्यांनी आमच्या गावच्या रिवाजाप्रमाणे स्वतःची शवपेटी करून घेतली आणि माळ्यावर ठेवली. गरज पडेपर्यंत तिच्यात अक्रोड. पाहुणे आले की त्यांना वर नेऊन दाखवायच्या, "बघा, लाकडात एक गाठ नाही!" सुनेचं असं कौतुक त्यांनी कधी केलं नाही.

एकाहत्तराव्या वर्षी त्यांचं डोकं ठणकायला लागलं, डावा हात लुळा पडायला लागला. शहरातले डॉक्टर म्हणाले, मेंदूचा एमआरआय झाल्याशिवाय सुरी लावणार नाही. हृदय कमकुवत, म्हणून नुसत्या तपासणीसाठी गुंगीचं औषध द्यायचा धोकाही नको. यंत्राच्या त्या नळीत बाईंना दोन मिनिटंही काढवली नाहीत. थांबवा म्हणून सांगायला हातात दिलेला रबरी फुगा दाबत, किंचाळत बाहेर. चार महिन्यांनी पुन्हा तारीख मिळाली, पुन्हा तोच तमाशा.

"आता शेवटची संधी, तीन आठवड्यांनी," डॉक्टरांनी बजावलं. "नाही जमलं तर घरीच ठेवा."

गाडीत त्या रडत होत्या. "अगं वियोरिका, श्वास कोंडतो. छत नाकाला लागतं."

"मग सवय करा," मी म्हटलं. "तुमच्याकडे घरची नळी आहे की!"

माझा नवरा इलारी आधी हसला. मग हसायचा थांबला.

अक्रोड उपसले, पेटी ओसरीत आणली. पहिल्या दिवशी झाकण लावताच त्या आतून नखांनी ओरबाडायला लागल्या. "काढ गं, हात जोडते तुझ्यापुढं!" मी झाकणावर बसले. हवेसाठी फटीत काठी घातली होती, मी काही राक्षसीण नाही. यंत्राचा आवाज म्हणून इलारी कढई बडवायचा. शेजारीण डोम्निका कामधंदा टाकून बघायला यायची.

"किती वेळ झाला गं? गेली की काय म्हातारी?"

"शिव्या देतेय अजून, म्हणजे आहे."

खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. सव्वीस वर्षांचं उट्टं निघत होतं.

पाचाची दहा मिनिटं झाली, दहाची वीस. तिसऱ्या आठवड्यात आतून आवाजच येईना. झाकण काढलं की डोळे टक्क उघडे. उठताना माझा हात धरायच्या नाहीत.

तिसऱ्या खेपेला त्या नळीत अर्धा तास निपचित पडून राहिल्या. यंत्रावरच्या मुलीनं शाबासकी दिली. चित्र स्वच्छ आलं. मेंदूतली गाठ इतकी पसरली होती की सुरी लावण्यात अर्थ नव्हता. "चार महिन्यांपूर्वी हे चित्र मिळालं असतं तर," डॉक्टर म्हणाले.

बाईंनी दीड महिना काढला. जीभ जड व्हायच्या आधी त्यांनी एकच मागितलं, तेही मुलापाशी नाही, माझ्यापाशी. "वियोरिका, मला त्या पेटीत घालू नकोस. चादरीत गुंडाळ, कुठंही पुर. आत कसं असतं ते मला कळलंय आता."

"नाही घालणार," मी म्हटलं.

पेटीवाचून पाद्री मातीला उभा राहिला नसता, आणि गावाला तोंड दाखवायचं होतं. कबरीपाशी इलारीनं हातोडा उचलला आणि माझ्याकडे बघत राहिला. आईचं मागणं त्यानंही दाराआडून ऐकलं होतं.

"ठोक," मी म्हटलं.

आता मलाही साठ लागलं. बरोबरीच्या सगळ्या बायकांच्या पेट्या तयार आहेत. मला भीती वाटते. सुतार दोनदा माप घ्यायला आला, दोन्ही वेळा मी त्याला दारातूनच हाकललं.