डोळ्यातलं पिवळं

आमचे हे कामतघरच्या कारखान्यात कापड तपासायचे. लूमवरून ताका उतरला की तो टेबलावर पसरून तेलाचा डाग, तुटलेला धागा शोधायचा. जन्मभर हेच केलं. नजरेचा भारी तोरा! जे आपल्या डोळ्यांना दिसत नाही ते नाहीच, असं ठाम मत.

पित्ताच्या वाटेत खडा अडकून कावीळ झाली, तेव्हा ठाण्याच्या डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घालून खडा काढला आणि आत प्लॅस्टिकची बारीक नळी, स्टेंट, बसवली. ती काढायला परत बोलावलं. मधे डोळे पिवळे झाले, ताप आला, पोट दुखलं, तर लगेच या म्हणाले. ह्यांनी त्यातलं पिवळं तेवढं लक्षात ठेवलं.

रोज सकाळी दारात उजेडाला उभे राहून खालची पापणी बोटानं ओढायचे. "बघ गं, हाय का पिवळं?"

मी पदर खोचून बघायची. "न्हाय."

की स्वारी खुशीत ड्युटीला. नळी काढायची तारीख आली तशी गेली. "पिवळं न्हाय तं कशाला परत घशात नळ्या घालून घ्यायच्या?"

मग पोट दुखायला लागलं. उजवीकडे, खाली. मी म्हटलं, चला. तर ओव्याची फक्की मारून म्हणतात, "गॅस हाय गं. नळी हलली असती तं डोळे पिवळे झाले नसते?" मी भांडले, रडले, दारात रिक्षा आणून उभी केली. ह्यांनी रिक्षावाल्याला हात जोडून परत पाठवलं. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

एका सकाळी पापणी ओढायला हातच वर गेला नाही. अंगात सणकून ताप, पोट पाट्यासारखं टणक. ठाण्याला नेलं. फोटोत दिसलं, नळी जागेवरून सुटून खाली सरकली होती आणि तिचं टोक आतड्यातून आरपार गेलं होतं.

"अहो, पण डोळे तर स्वच्छ आहेत!" मी डॉक्टरांवरच ओरडले.

ते म्हणाले, खडा निघाल्यामुळे पित्ताची वाट मोकळीच होती. नळी सुटली तरी कावीळ होणार नव्हती.

ऑपरेशन केलं. पण पोटभर घाण पसरली होती. वाचले नाहीत.

कारखान्यातल्या माणसांनी अंगावर घालायला नवं कोरं कापड आणलं. एक डाग नाही त्यावर. बायका म्हणाल्या, चेहरा बघ किती शांत. काय जाळायचंय त्या शांतपणाला! मी पुढे झाले आणि त्यांची खालची पापणी ओढली.

"न्हाय," म्हटलं. "न्हाय हो, पिवळं न्हाय."