एट्टय्यांसमोर बोललेली मराठी

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आत्याला ठाऊक होतं, ती गेली. आता जाणणारे एकटे एट्टय्या उरले — हेड कॉन्स्टेबलला तंजावुरात सगळे असंच म्हणतात — आणि ते बोलणार नाहीत.

गेल्या रविवारी राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीनं त्यांचा सत्कार केला. निवृत्त होतायत. भाषण माझ्याकडे — मी कॉलेजात शिकवते ना. काय नाही केलं त्यांनी? रथाच्या गर्दीत हरवलेली पोरं खांद्यावर बसवून आणली. भाऊबंदांची भांडणं कॉफी पीत पीत मिटवली. आणि माझ्या अप्पांना बसस्टँडवरून घरी आणलं.

इथे मी अडते.

अप्पांची आठवण जात चालली होती. एकच प्रश्न, दिवसभर — "तुझी आई कुठाय?" आई जाऊन सहा वर्षं झालेली. त्या दुपारी डॉक्टरांकडून परतताना त्यांनी तो पुन्हा विचारला आणि मी... कसं लिहू? त्यांना बाकावर बसवलं, "आलेच" म्हटलं, आणि टाउन बसमध्ये चढले. एकटी. खिडकीतून त्यांच्याकडे बघत.

दोन तासांनी एट्टय्या त्यांना मोटारसायकलवर मागे बसवून घेऊन आले. अप्पांनी त्यांचा पट्टा घट्ट धरलेला. बाहेरून नुकतीच परतलेली आत्या दारातच म्हणाली, "हे तिथवर गेले कसे गं?"

"मीच सोडून आले. ह्या पोलिसाला कळू देऊ नको."

परक्यासमोर घरातलं बोलायचं तर मराठीत — आमची लहानपणापासूनची सवय. इथे कुणाला कळतंय? मग एट्टय्यांकडे वळून तमिळमध्ये सांगितलं, दार उघडं राहिलं, गेले भटकत. त्यांनी वहीत तसंच लिहिलं. पाणी प्यायले. "जपा, अम्मा," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ते रोज संध्याकाळी येऊन अप्पांना कोपऱ्यावर चहाला न्यायला लागले. एकदा मी पाठीमागून गेले, तर कानावर आलं —

"माझ्या पोरीची आई कुठाय रे?"

"येतील की, अप्पा. तोवर बोंडा खा. काल माझासुद्धा तुम्हीच खाल्लात!"

स्वच्छ मराठीत. त्यांची आई आमच्याच गल्लीत धुणीभांडी करायची. ते इथल्याच मराठी घरांच्या ओट्यांवर वाढलेले. मी कधी विचारलंच नव्हतं.

अप्पा जाईपर्यंत, दोन वर्षं, ते येत राहिले. मला एका शब्दानं विचारलं नाही. माझी लाज राखायला? की मी पुन्हा तसं करू नये, म्हणून? दोन्ही असेल.

रविवारी माइक हातात आला. "वाट चुकलेल्या माझ्या वडिलांना ह्यांनी घरी आणलं," मी म्हणाले. टाळ्या पडल्या. एट्टय्या खाली बघत होते. शाल पांघरवताना त्यांच्या कानाशी दोन शब्द मराठीत बोलता आले असते. मी "थँक्यू सर" म्हटलं.

अप्पा वाट चुकले नव्हते. मी त्यांना टाकून आले होते.