घागरीवरचं नाव

उदगीरच्या भांड्यांच्या गल्लीत चन्नबसप्पा अप्पांचं दुकान आहे, आणि त्या दुकानाच्या पायरीवर निवृत्ती बसतो. मिसरूड फुटल्यापासून बसतोय. अप्पा गेले, त्यांचा वीरेश गल्ल्यावर आला, दगडी पायरीवर गुळगुळीत फरशी बसली, पण निवृत्ती जिथल्या तिथं. भांड्यावर नाव टाकायचं हे त्याचं काम. लग्नाचा आहेर असो, घरभरणी असो, बारसं असो, माणूस दुकानात भांडं घेतो आणि बाहेर येऊन निवृत्तीच्या पुढ्यात धरतो. पूर्वी तो छन्नी-हातोडीनं टिंब टिंब ठोकून अक्षर काढायचा. आता विजेचं मशीन आहे. त्यानं काम झटपट होतं आणि संध्याकाळपर्यंत बोटं बधिर होतात. भाकरीचा तुकडा मोडायलाही दुसऱ्या हाताची मदत घ्यावी लागते.

त्याचा एक नेम होता. नाव टाकायच्या आधी ते मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि गिऱ्हाइकाच्या तोंडून ‘हाव’, म्हणजे होय, वदवून घ्यायचं. नुसती मान हलवलेली चालायची नाही. "तोंडानं हाव म्हणा, बाप्पा. एकदा टाकलं की निघत नसतंय ते," असं सांगायचा. लोक हसायचे, पण म्हणायचे.

त्या पायरीवरून त्यानं दुनियेचे काय काय शौक बघितले म्हणून सांगू! त्याच्या उमेदीत लोकांनी आजीच्या पितळी पराती मोडीत घातल्या आणि मिरवत मिरवत स्टील घरी नेलं. मग काचेच्या सेटांचं वेड आलं, त्याच्यावर तर नावच टाकता येईना. मग नॉनस्टिक. मग कोरोनाच्या बिमारीच्या साली ज्याला त्याला तांब्याच्या बाटलीतलंच पाणी पाहिजे झालं. आज त्या बाटल्या कुणाच्या घरी कुठं काळ्या पडल्यात, देव जाणे. नावांचीही तीच गत. ‘चि.’ आणि ‘सौ. कां.’ गेले, नवरा-नवरीच्या मधे बदाम आला. बदाम शिळा झाला तशी दोन नावं एकात एक कालवायची टूम निघाली. शिवम आणि तनुजाचं ‘शिवतनू’ करून आणणाऱ्या नवरदेवाला निवृत्तीनं विचारलं, "ह्याच्यात नवरा कुठं संपतो अन् नवरी कुठं सुरू होती, ते तरी सांगा." नवरदेव चिडला. वीरेशनं आतून डोळे वटारले.

एकेकाळी निवृत्तीला ह्या सगळ्याचा राग यायचा. हळूहळू तोही यायचा बंद झाला, कारण राग यायलासुद्धा अंगात जोर लागतो. लोक आणतील ते टाकायचं आणि घरी जायचं. बायको पुण्याला लेकाकडं नातवाला सांभाळायला गेलेली. घरी तो आणि त्याची माय नागुबाई, एवढीच दोघं.

नागुबाई नव्वदीला टेकलेली. नजर गेल्यात जमा, चालणं भिंतीला धरून. पण डोकं म्हणाल तर लख्ख! देवणीकडच्या खेड्यापाड्यांत तिची सारी हयात निंदण्या-खुरपण्यात गेली, आणि जिथं गेली तिथली माणसं तिनं ध्यानात ठेवली. निवृत्ती दारात आला की हातपाय धुवायच्या आत तिचा सवाल यायचा, "आज कुणाचं नाव टाकलंस रं?"

तो सांगायचा. मग ती खाटेवर सरसावून बसायची. "बिरादाराच्या नातवाचं? म्हंजी वढ्याकडच्या बिरादाराचा. त्याची आज्जी माझ्यासंगं खुरपायला असायची. तोंडाची फाटकी, पन मनानं लई ग्वाड व्हती बाई." असं एकेक नाव जुळलं की तिला जेवण गोड लागायचं. थकून-भागून निवृत्ती घरी लगबगीनं यायचा तो ह्या एका गोष्टीसाठी.

आणि मग तो हरिओम आला.

हरिओम हा लातूरकडचा तरणा गडी. नांदेडच्या रस्त्याला हॉटेल काढत होता. कुठल्यातरी रीलमध्ये बघितलेलं सगळं त्याला पाहिजे होतं. शेणानं सारवलेल्या भिंती, दारात गाडीचं चाक, बसायला खाटा, आणि वर छताला पितळेच्या जुन्या घागरी, त्यांच्या पोटात दिवे. आता जुन्या घागरी एवढ्या आणायच्या कुठून? मोडीत घालताना कुणी विचार केला होता का? वीरेशनं नव्याच घागरी मागवल्या, कसलंसं औषध लावून काळपट करून घेतल्या, वायरीसाठी बुडाला भोकं पाडली आणि पायरीवर आणून ठेवल्या.

"मामा, ह्याच्यावर नावं टाकायची. मशीन नको, हातानं. टिंबाटिंबाची, जुन्यावानी."

"कुणाची?"

"कुणाची बी. आज्जीबाईची वाटली म्हंजी झालं. तुमच्या मनानं टाका."

"मंग हाव कोण म्हणंल?"

वीरेशला वाटलं, म्हातारा मस्करी करतोय. "मी म्हणतो की! हाव! बास?"

पायरी वीरेशची होती, आणि ह्या वयात दुसरी पायरी कोण देणार होतं? निवृत्तीनं छन्नी काढली आणि मनानंच ‘जानकाबाई विठोबा, देवणी’ असं एका घागरीवर ठोकलं. जन्मात पहिल्यांदा त्यानं नसलेल्या माणसाचं नाव टाकलं.

घरी मायनं विचारलं आणि तो सवयीनं सांगून बसला.

"जानकाबाई इठोबा?" नागुबाई थांबली. "देवणीची? कोण्या गल्लीची?"

"ठावं न्हाई, माय."

"आसंल कुणीतरी," ती म्हणाली, पण जेवताना तिचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी दुसरं नाव, तिसऱ्या दिवशी तिसरं. एकही तिला जुळेना. मग तिनं विचारायचंच सोडलं. एका सकाळी निवृत्ती उठला तर ती खाटेवर बसून बोटांवर देवणीतली घरं मोजत होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"निवरती, माझं डोस्कं गेलं रं," ती म्हणाली. "मला मान्सं आठवंना झाली. डोळं गेलं, पाय गेलं, त्याचं काय न्हाई. पन मान्सं गेल्यावर मी काय करू?" आणि ती रडायला लागली.

निवृत्तीनं तिला खरं काय ते सांगितलं. हॉटेल सांगितलं, शौक सांगितला, ह्या बाया जगात नव्हत्याच हे सांगितलं. नागुबाईनं पदरानं डोळे पुसले आणि मान हलवली. "माझी समजूत काढून राहिलास तू. नसलेल्या मान्साचं नाव भांड्यावर कुणी टाकत असतंय व्हय?"

तिचं बरोबर होतं. त्याचंच चुकलं होतं. दिवसभर पायरीवर त्याचं चित्त लागेना. तिनं पुन्हा कधी काही विचारलं नाही तर? घरात दोन माणसं, आणि दोघांच्या मधे बोलायला उरलेली ही एवढीच गोष्ट.

त्या संध्याकाळी तो तिच्या खाटेशी खाली बसला. "माय, जानकाबाई अन् तिच्या मागची नावं माझ्या हातून चुकीची पडली व्हती. ठोकून बुजवून टाकली म्या. आता तू सांग. जुन्या बायांची नावं पाहिजेत. तू सांगशील तेच टाकतो."

नागुबाई म्हणाली, "सोजराबाई टाक. तुझ्या टायमाला तिनंच माझं बाळतपण केलं. रातच्याला चिमणी धरून बसली व्हती माझ्यापाशी."

"सोजराबाई. टाकू?"

"हाव."

तिथून जे सुरू झालं! रोज संध्याकाळी ती एक-दोन नावं काढून ठेवायची. आता ती वाट बघत बसायची. कौतिका, तिला गाणं यायचं. धुरपता, नवऱ्यानं टाकल्यावर तिनं भाऊ शिकवला, तो पुढं मास्तर झाला. तुळजाबाई, बाबासाहेबांचं नाव घेतल्याबिगर घास तोंडात घालायची नाही. सगळ्या त्यांच्याच वस्तीतल्या बाया. एक फक्त गौरम्मा तेवढी गावातली.

"आपल्याला हिरीवर चढू देत नव्हते तवा," नागुबाई म्हणाली. "गौरम्मा वरून पानी वतायची. शिवायची न्हाई, पन धार कधी तुटू दिली न्हाई तिनं. बाकीच्या निम्मं सांडायच्या मुद्दामून. टाक तिचं बी."

"टाकू?"

"हाव की."

निवृत्तीला ठाऊक होतं, एक गौरम्मा सोडली तर ह्यांतल्या एकीच्याही घरी पितळ नव्हतं. जर्मलचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा हंडा, तोही पोचे पडलेला. म्हणजे हेही एका परीनं खोटंच. पण माणसं खरी होती, आणि ‘हाव’ होता. छन्नी धरून धरून त्याचं मनगट सुजलं, तरी तो मशीनला शिवला नाही. माय जेवायला लागली होती. त्याला दुसरं काही नको होतं.

शेवटची एक घागर राहिली. "आता कुणाचं, माय?"

नागुबाईनं मनातल्या मनात सगळ्यांची घरं फिरून बघितली. "झाल्या की सगळ्या."

"अजून एक घागर हाय."

"न्हाई बाबा. आता कुणी राह्यलं न्हाई."

तिनं स्वतःला धरलंच नव्हतं! निवृत्ती तिच्या तोंडाकडं बघत राहिला. दुसऱ्या दिवशी त्या शेवटच्या घागरीवर त्यानं ‘नागुबाई’ एवढंच टाकलं. विचारलं असतं तर तिनं नाही म्हटलं असतं, म्हणून विचारलं नाही.

हरिओम टेम्पो घेऊन आला. घागरी उलट्यापालट्या करून त्यानं काळपटपणा बघितला, टिंबं बघितली, "एक नंबर!" म्हणाला आणि घेऊन गेला. एक नाव म्हणून त्यानं वाचलं नाही. हॉटेल सुरू झालं तेव्हा वीरेश निवृत्तीला गाडीवर बसवून दाखवायला घेऊन गेला. लोक खाटांवर बसून फोटो काढत होते, डोक्याला फेटे, हातात ताट. घागरी वर टांगलेल्या, आणि दिव्याचा उजेड असा डोळ्यांत यायचा की अक्षर दिसतच नव्हतं. निवृत्तीनं मान वर करकरून बघितलं, मग मान दुखायला लागली. घरी येऊन मायला म्हणाला, "लई उंचावर टांगल्यात सगळ्या." ती खूश झाली.

दुसरा उन्हाळा यायच्या आत शौक फिटला. रस्त्याला तसलीच आणखी हॉटेलं झाली होती, त्या सगळ्यांच्या दारात तसलंच चाक. हरिओमनं सारवलेल्या भिंती खरवडून गुलाबी रंग मारला, झोपाळे टांगले, प्लास्टिकच्या वेली सोडल्या आणि कॅफे काढला. घागरी मोडीत घालायला वीरेशकडंच आल्या. टेम्पोतून खाली टाकताना त्यांचा असा खणखणाट झाला की गल्लीतली माणसं बघायला आली.

निवृत्ती पायरीवरून उठला आणि त्या ढिगात उकिडवा बसला. सोजराबाईला पोचा पडला होता. धुरपताच्या गळ्याभोवती वायर गुंडाळलेली. गौरम्मा, कौतिका, तुळजाबाई, सगळ्या एकमेकींवर पडलेल्या. तळाशी एका घागरीवर बोट फिरलं आणि थांबलं.

"वीरेश शेठ, एवढी एक घेऊ का?"

"घ्या की मामा, विचारताव काय?"

सगळ्याच मागाव्यात असं त्याच्या मनात आलं होतं. पण एवढं पितळ तो कुठल्या तोंडानं मागणार, आणि नेऊन ठेवणार कुठं? बाकीच्या दुपारच्या गाडीनं भट्टीला गेल्या. मायला हे त्यानं कधीच सांगितलं नाही. घागरीच्या बुडाचं भोक त्यानं बुजवून घेतलं, चिंचेनं घासून घासून ते काळं औषध काढलं, आणि ती खांद्यावर घेऊन तो घरी आला.

नागुबाई आता फारशी उठत नव्हती. आवाजही खोल गेला होता. निवृत्तीनं घागर तिच्या मांडीवर ठेवली आणि तिची बोटं टिंबांवर नेली. तिला वाचता येत नव्हतं, तरी बोट फिरवत राहिली.

"कुणाची रं?"

"नागुबाईची."

मग त्यानं गिऱ्हाइकाला विचारावं तसं मोठ्यानं विचारलं, "नागुबाई. नाव बरोबर हाय का, माय?"

"नाव बरोबर हाय," ती सावकाश म्हणाली. "पन नागुबाईकडं कुठं व्हती पितळंची घागर? ती तर जर्मलच्या हंड्यानं पानी आनायची. खोटं कामून टाकलंस?"

"तवा नव्हती. आता हाय."

नागुबाईनं घागरीच्या पोटावर तळहात ठेवला. आत हात घालून बघितलं. मग कपाळाला आठी घालून म्हणाली, "मंग रिकामी कामून ठिवलीस?"

निवृत्ती उठला. नळाखाली धरून घागर काठोकाठ भरली आणि दोन्ही हातांनी उचलून आत आणली. बुडाकडं वाकून बघितलं. गळत नव्हती. तांब्यात पाणी घेऊन त्यानं मायच्या ओठांना लावलं. ती थांबत थांबत, सगळं प्याली.

"हाव," ती म्हणाली.