नव्याच्या सणाचा बोकड

आई आपणहून कधी फोन करत नाही. फोन आपण करायचा, आणि तिने तो कानापासून हातभर लांब धरून ओरडायचं, अशी आमची वहिवाट आहे. म्हणून त्या सकाळी मोबाईलवर तिचं नाव दिसलं तेव्हा मी मुलांना गणितं घालून वर्गाबाहेर आले. मागे शेळ्यांचा कालवा चाललेला, आणि त्यातून आईचा आवाज, "सुमे, बाई गेल्या गं..." फोन बंद करता तिला येत नाही, आणि मला तो बंद करवत नव्हता. बराच वेळ मी नुसत्या शेळ्या ऐकत उभी होते.

बाई म्हणजे हन्नाबाई. आमच्या कडा गावाच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर त्यांना सगळे सिस्टरबाई म्हणत. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या आणि मी नि माझा भाऊ, दोघेही त्यांच्याच हातावर जन्मलो. मूळच्या त्या अलिबागकडच्या, बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू समाजातल्या. नवरा साखर कारखान्यात फिटर म्हणून आला, त्याच्याबरोबर त्या आल्या, आणि तो गेल्यावरही इथेच राहिल्या. आमची धनगरांची वस्ती. ज्यू म्हणजे काय हे आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं, पण बाई मटण खात नाहीत एवढं सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे जत्रेत त्यांचं पान माळकऱ्यांच्या पंगतीत पडायचं. त्याही मुकाट बसून आमटी-भाकरी खायच्या. मी मोठी झाल्यावर एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "अगं, मटण मला लई आवडतं. पण ते आमच्या नियमाने कापलेलं लागतं, आणि तसं कापणारा इथे कोण आहे? पुण्याला भाचीकडे गेले की खाते पोटभर." इतकी वर्षं त्या आवडीचं खाणं डोळ्यांसमोर बघत वरणावर राहिल्या, आणि आम्ही त्यांना माळकरी समजत होतो. मला तेव्हा आमच्या सगळ्यांचा रागच आला होता.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यांचा मुलगा एली लग्नानंतर इस्राएललाच स्थायिक झालेला. त्याचा फोन आला की नव्याच्या सणाला बायकोला घेऊन येतो. नव्याचा सण म्हणजे त्यांचं नवं वर्ष. आमचे घट बसतात त्याच सुमारास तो येतो. सून नोआ तिकडेच वाढलेली आणि खाण्यापिण्याच्या नियमांत अतिशय कडक. लग्नानंतर एकदा ती आली होती ती पुण्यापर्यंतच. कड्याला आली नाही, कारण इथे आपण काय खाणार, ही तिला धास्ती. आता ती यायला तयार झाली होती आणि बाईंची झोप उडाली होती. त्यांच्यात सणाच्या ताटात मटण हवं, आणि ते खात्रीचं हवं. "ती माझ्या घरात उपाशी उठली ना सुमन," बाई मला म्हणाल्या, "तर परत यायची नाही. आणि ती नाही आली तर एली तरी किती वेळा एकटा येईल?" त्या रोज नवा बेत करायच्या आणि रोज मोडायच्या. मुंबईहून बर्फात घालून मागवावं तर वाटेत ते कुणाकुणाच्या हातात होतं ते कोण सांगणार? आई भोळेपणाने म्हणाली, मुलाण्याला बोलावू, तो आमची जनावरं कापतोच की. बाईंनी तिला समजावलं, "पारू, तो त्याच्या नियमाने नीटच कापतो. पण आमचे नियम निराळे, आमची सुरी निराळी." शेवटी ठरलं की मटण आणायचं नाही, माणूस आणायचा. पुण्याचे शमुवेलकाका हे त्यांच्यातले शोहेत, म्हणजे शिकून, परवानगी घेऊन जनावर कापणारे. ते यायला कबूल झाले. बोकड आईचा.

आईने त्या बोकडाचं जे काही केलं ते आम्हा भावंडांचंही कधी केलं नव्हतं. काका म्हणे आतली फुप्फुसंसुद्धा तपासतात, कुठे चिकटलेली असली की सगळं बाद. हे ऐकल्यापासून बोकड जरा खोकला की आई भाकरी टाकून उठायची. बाई दर दोन दिवसांनी येऊन त्याच्या बरगड्यांना कान लावायच्या. माझं डोकं फिरायचं. मी म्हणायचे, तुम्ही दोघी मिळून त्या मुक्या जनावराला आजारी पाडाल. पण खरं सांगायचं तर मीही गेले की आधी बोकडाकडे बघायची.

घट बसायच्या आदल्या दिवशी काका सकाळीच आले. बाईंच्या परसात लिंबाखाली बसून त्यांनी सुरी काढली. पात्याची धार ते अंगठ्याच्या नखावरून पुढेमागे फिरवत, जराशी खाच लागली की पुन्हा दगडावर घासत. बाई शेजारी उभ्या राहून त्यांच्या नखाकडे बघत होत्या. एली आणि नोआ दुपारी पोचणार होते. दुसऱ्या दिवशी घट बसले की नऊ दिवस आमच्या वस्तीवर सुरीला कुणी हात लावू देणार नव्हतं. म्हणजे जे व्हायचं ते त्याच सकाळी. इतक्यात आई नि वहिनी बोकड घेऊन आल्या. बोकड धुतलेला, चकचकीत, आणि त्याच्या कपाळावर बोटभर जाड भंडारा...

काकांनी सुरी फडक्यात गुंडाळली. "हे काय लावलंय?"

"भंडारा हाय," वहिनी म्हणाली. "पुसते की." आणि पदर घेऊन पुढे झाली.

"पुसायचा प्रश्न नाही, ताई. हा देवाला बोललेला आहे का, एवढंच सांगा. दुसऱ्या देवाच्या नावाचं जनावर आम्हाला चालत नाही."

आमच्यात कुठलंही जनावर कळपातून बाहेर पडलं, विकलं तरी, त्याला भंडारा लावूनच पाठवतात. आईने एवढंच सांगितलं असतं तरी ते खोटं नव्हतं आणि गोष्ट तिथेच मिटली असती. मी तिच्याकडे बघत होते, पण तिचं लक्ष बाईंकडे होतं. बाई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "पारू, मला खरं सांग. मी रागावणार नाही."

"बोलले, बाई," आई म्हणाली. "कावून न्हाई बोलनार? तुमच्या जिवाला एवढा घोर. म्या बिरोबाला म्हनलं, बाईच्या सुनंनं त्यांच्या घरी दोन घास खाऊ दे, हे जनावर तुज्या नावानं."

काका भला माणूस. ते म्हणाले, यातून वाट निघतही असेल, मी आमच्या मोठ्या जाणत्यांना फोन करून विचारतो. बाईंनी मान हलवली. "नको, काका. उद्या नोआ मला विचारेल, आई, खात्री आहे ना? तेव्हा मला 'बहुतेक' असं म्हणायचं नाही." मग आईकडे वळून म्हणाल्या, "दुसरा एखादा आहे का गं?" आईचा चेहरा उतरला. "म्या समद्या कळपाचंच बोललेय, बाई. म्हनलं, ह्यो खोकलला, दुसरा न्यावा लागला तर? कळपातलं कंचं बी जनावर तुमच्या सनाला जाईल ते त्याचंच." बाई पायरीवर मटकन बसल्या. त्या आईवर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "माझ्यासाठीच केलंस ना..." आणि दोघी एकमेकींकडे बघवेना म्हणून जमिनीकडे बघत राहिल्या. माझ्या डोक्यात एकच येत होतं, की दोन-तीन तासांत गाडी दारात उभी राहील.

तेव्हा वहिनी बोलली. लग्न होऊन आल्यापासून तिने आईसमोर इतकी वाक्यं सलग बोललेली मी ऐकली नव्हती. "कोंबड्या माज्या हायेत. माहेराहून आनल्यात म्या. आत्या त्यांना कळपात धरत न्हाईत, अन् देवाला बी कदी सांगत न्हाईत. उलट घान करत्यात म्हनून रोज शिव्या घालत्यात." काकांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "खरं हाय. शिव्या घालते. नवस न्हाई केला." हसावं की रडावं मला कळेना. काका मात्र गंभीरपणे उठले आणि वहिनीबरोबर कोंबड्या बघायला गेले.

त्यांनी एकेक कोंबडी हातात घेऊन पारखली, पुटपुटत काही म्हटलं आणि कापली. खाली पडलेल्या रक्तावर त्यांनी माती लोटली, कारण कोंबडीचं रक्त त्यांच्यात उघडं ठेवत नाहीत. मग बाईंनी मांस पाण्यात भिजवलं, खडे मीठ चोळून ठेवलं, पुन्हा पुन्हा धुतलं. नव्या पातेल्यात रस्सा शिजला. आमचा काळा मसाला त्यांनी घातला, पण आधी आईकडून तो कशात भाजला ते दोनदा विचारून घेतलं. तुपाचा एक थेंब चालणार नव्हता, कारण मांसात दूधदुभतं त्यांच्यात वर्ज्य.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांची प्रार्थना झाली, सफरचंद-मध झालं, आणि ताटं मांडली. आईला घटांचा उपास, म्हणून ती दारातच बसली होती. नोआने ताटाकडे पाहिलं आणि मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं, "आई, हे कोण कापला?" शमुवेलकाकांनी, एवढं उत्तर पुरलं असतं. पण बाईंनी सगळं सांगितलं. बोकड, भंडारा, बिरोबा, कोंबड्या. एली तिला समजावून सांगत होता. नोआचा चेहरा मला काही केल्या वाचता येईना. ती दाराकडे वळली. "ही मावशी, ती खरं बोलली? कुणी विचारलं म्हणून?" एली हो म्हणाला. तिने आईकडे जरा वेळ पाहिलं, मग भाकरी मोडून रश्श्यात बुडवली आणि खाल्ली. दुसरा घास घेतला. मग वाटी पुढे केली. बाई वाढायला म्हणून आत गेल्या त्या लवकर बाहेर येईनात. मी बघायला गेले तर हातात डाव धरून भिंतीला टेकून त्या रडत होत्या.

त्यानंतर एली-नोआ आणखी एकदा आले. मग तिकडे लढाई पेटली, विमानं बंद झाली, सुरू झाली, पुन्हा बंद झाली. बाई दिवसभर मोबाईल हातात घेऊन बसायच्या. उत्तर आलं नाही की आमच्या वस्तीवर चालत यायच्या आणि आईजवळ बसून राहायच्या. तब्येत बिघडली तेव्हा भाचीने त्यांना पुण्याला नेलं. मी भेटायला गेले तर हात धरून म्हणाल्या, "नोआ म्हणते, येत्या सणाला नक्की." त्यांची मातीही पुण्यातच झाली. एलीने ती फोनवर पाहिली.

परवा सुट्टीला घरी गेले. आई शेळ्या घेऊन निघाली होती. सगळ्यांच्या कपाळावर अमावास्येचा भंडारा, पण एक तांबूस बोकड कोरा, आणि तो कळपात नव्हता. आईने त्याला दाव्याने स्वतःच्या मनगटाला बांधलं होतं. मी विचारलं, हा कुणाचा?

"नव्याच्या सनाचा," आई म्हणाली. "दर साली एक ठेवते. बाई यायच्या, त्याच्या बरगडीला कान लावायच्या, अन् म्हनायच्या, पारू, याचं कुनाला बोलली न्हाईस ना?"

"पण आये, बाई गेल्या. आता कोण येणार हाय?"

ती चालू लागली. बांधापाशी लांडग्याची भीती असते. तिथे बाकीच्या शेळ्या तिने खुशाल पुढे जाऊ दिल्या, आणि बोकडाचं दावं आखडून त्याला पायाशी घेतलं.

"त्या समद्यांना बिरोबा हाय," ती म्हणाली. "ह्याचं म्या देवाला सांगितलंच न्हाई. मग ह्याला मलाच बघाया पायजे की."