चिनी भाऊचा शब्द

आरमोरीकडच्या धिवर मासेमारांत कोसा पाळायचा म्हणजे व्रतच. ऐनाच्या झाडांवर रेशमाच्या अळ्या चढल्या की घरात मीठ नाही, हळद नाही, मासळी तर नाहीच नाही. खुशाल नावाचा तिचा नवरा तळ्यात बुडून गेल्यापासून ही झाडं कुंता एकटीच राखायची. बाईमाणसानं कोसा राखावा का म्हणून गाव कुरकुरलं; पण पोट कोणाचं ऐकतं?

१९५४ सालच्या भादव्यात तिचा जीव मात्र वेगळ्याच गोष्टीनं टांगणीला लागला होता. परवा खुशालचं पित्तर, आणि तिला रडू येईना. तीन वर्षांत ते आटलंच होतं. मागच्या खेपेला थोरली जाऊ अन्नपूर्णा चारचौघींत म्हणाली होती की हिच्या काळजाला पाझर नाही. आपण त्याला विसरलोच की काय, अशी धास्ती कुंतालाही वाटायची.

त्या दुपारी सायकलवर कापडाचं गाठोडं बांधून चिनी भाऊ आला. कलकत्त्याहून दरसाल यायचा, मोडकीतोडकी हिंदी बोलायचा. भुकेला माणूस दारातून परत कसा धाडायचा? तिनं ओशाळून अळणी पेज वाढली. तो चवीनं प्याला आणि "तान" म्हणाला, डोक्यावरचं ओझं उतरवावं तसा आवाज खाली सोडून. नावं ठेवतोय वाटून कुंता चपापली. छे छे, म्हणे, आमच्याकडं या चवीला मान आहे. मग गाठोड्यातलं न रंगवलेलं कोशाचं कापड बोटांत धरून म्हणाला, हा रंगही तानच.

आता बघा, आपल्याकडं पेज अळणी आणि रंग फिका. याचा दोन्हीला एकच शब्द! कुंतानं हळूच विचारलं, "मनालेबी लागते का हा शब्द?"

त्यानं कापड खाली ठेवलं. त्याची बायको तिकडंच वारली होती, याला अठरा वर्षं झालेली. आधी नुसती आग व्हायची, म्हणाला. मग छातीवर हात ठेवला. "ये भी तान. कम हुआ, गया नहीं."

कुंताच्या मनात आलं, कुठला चीन आणि कुठली आरमोरी! तिकडच्या माणसांना यासाठी शब्द लागला, म्हणजे तिच्यासारख्या किती जणी तिकडं कोरड्या डोळ्यांनी जगत असतील!

पित्तराच्या दिवशी अन्नपूर्णा तिच्या डोळ्यांकडं टक लावून बसली. पदर डोळ्याला लावून वेळ मारून नेता आली असती. कुंतानं तसं केलं नाही. खुशालचं पान वाढून ती म्हणाली, "रडू नाई येत मले, बाई. पण तीन वर्षं झाली, माया हात अजून दोघांचेच तांदूळ घेते."