मामांचा कोरियन ‘पेक्षा’

जगातली एखादी गोष्ट नुसती चांगली असू शकते, हे माझ्या मामांना कधी मान्यच नव्हतं. ती कशापेक्षा तरी चांगली, किंवा बहुतेक वेळा वाईटच असायची. अर्जुनी मोरगावच्या शाळेतून निवृत्त होऊन ते कुडव्याला राहायला आले, पण तुलना करायची त्यांची सवय काही निवृत्त झाली नाही. एका मयतीत ते माझ्या कानात कुजबुजले होते, “याच्यापेक्षा याच्या भावाच्या मयतीले जास्त लोक होते.”

या सवयीची सगळ्यात जास्त झळ त्यांच्या मुलीला, मीनाला लागली. ती दहावीला शाळेत पहिली आली तेव्हा मामा म्हणाले, “तुझा भाऊ मनावर घेता, तर यापेक्षा जास्त आणता.” भावानं मनावर कधीच घेतलं नाही. तीन दुकानं उघडून त्यानं तिन्ही बंद केली. मीना कोरियन शिकली, चेन्नईच्या एका कोरियन कारखान्यात दुभाषी झाली आणि हळूहळू तिचे फोन यायचे थांबले.

मग पासष्टाव्या वर्षी मामा मोबाईलवर कोरियन शिकू लागले. बाकी धडे सोडून त्यांनी थेट तुलनेचा धडा धरला. “आपल्यासारखंच आहे रे. आपला ‘पेक्षा’, त्यांचा ‘बोदा’. नामाच्या मागं चिकटवायचा, बस. आन ‘जेइल’ म्हंजे सर्वात.” ‘मुलगी मुलापेक्षा हुशार आहे’ हे एकच वाक्य त्यांनी महिनाभर माझ्यासमोर घोकलं.

दिवाळीत मीना आली, सोबत तिची कोरियन मैत्रीण. जेवताना मामा उभे राहिले, घसा खाकरला आणि वाक्य म्हणाले. घाबरून त्यांनी ‘बोदा’ मुलाऐवजी मुलीला चिकटवला. मैत्रीण ताटाकडे पाहू लागली.

मीना शांतपणे म्हणाली, “बाबा, मुलगा मुलीपेक्षा हुशार, हे सांगाले कोरियन कायले शिकले? मराठीत तं लहानपणापासून आयकून राहिली मी.”

मामा खाली बसले आणि भात कालवू लागले. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर मी मीनाला खरं काय ते सांगितलं. “मले तवाच समजलं, दादा,” ती म्हणाली. “व्याकरण चुकलं त्यांचं. पण मराठीत एकदा म्हणून टाकाले काय झालं होतं?”

घरी येऊन मी मामांपुढे फोन धरला. “लावा, अन् आपल्या भाषेत सांगा.”

मामांनी फोन हातात घेतला, तिचं नाव काढलं. मग पोरासारखं मला विचारलं, “कसं म्हणत असतात रे हे, मराठीत?”