गळ्यापर्यंतची चादर

आमच्या दुबईच्या आर्ट गॅलरीत चित्रं टांगायचं काम कोकणातल्या एका वयस्क गृहस्थांकडे होतं. फ्रेमशी ते हळू आवाजात बोलत, "जरा डावीकडे सर गो बाय." फ्रेमवर ठेवलेल्या लेव्हलच्या नळीतला बुडबुडा मधोमध आला की "यल्ला, झालं!" म्हणून दोन पावलं मागे सरत. चित्राबद्दल मत मात्र कधीच देत नसत. "आपलं काम खिळ्यापुरतं, ताई."

मंदीच्या दुसऱ्या वर्षी एक मोठं उभं चित्र आलं. बांधकाम बंद पडलेल्या टॉवरखाली, पाय आपल्याकडे करून उताणा पडलेला मजूर, शेजारी त्याचं हेल्मेट. शाळेच्या सहलीला आलेली मुलं घाबरली, पालकांच्या तक्रारी आल्या. चित्र झाकायचा ईमेल मीच पाठवला. त्या मुलांत माझी मुलगी होती. दोन दिवस ती नीट जेवली नव्हती.

चित्रं टांगणाऱ्या काकांनी निमूटपणे पांढरी चादर लावली. मी बघायला गेले, तर ती मजुराच्या गळ्यापर्यंतच होती.

"काका, पूर्ण झाकायचं होतं ना?"

"तोंड इतक्यात झाकत नाहीत, ताई. घरचे पोचायचे असतात."

"अहो, चित्र आहे ते."

"होय तर," ते म्हणाले आणि चादरीचं टोक माझ्या हातात दिलं. "मग तुम्हीच ओढा."

मी ओढली. ते नेहमीसारखे दोन पावलं मागे सरले, पण "झालं" म्हणाले नाहीत. वाकून त्यांनी पायातले बूट काढले आणि हात जोडून उभे राहिले.